खान्देशातल्या आडवाटांचे नियोजन डिजिटल नकाशांवर कसे करावे

अक्राणी तालुक्यात नर्मदेच्या अंगाला उतरणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची जीप थांबली, तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. मोबाइलमधली निळी रेषा अजून सव्वातीन किलोमीटर पुढे जात होती. समोर मात्र रस्ता सरळ पाण्यात उतरला होता आणि काठापासून पंधरा-वीस पावलांवर विजेच्या दोन खांबांचे शेंडे पाण्याबाहेर दिसत होते. आदल्या रात्री मी हाच रस्ता उपग्रह चित्रात मोठा करून पाहिला होता आणि तो स्वच्छ, कोरडा दिसला होता. ते चित्र उन्हाळ्यातले आहे, हे पाहण्याचे मात्र मला सुचले नव्हते. गाडी वळवायलासुद्धा जागा नव्हती, त्यामुळे दोनशे मीटर उलट चढत यावे लागले आणि पुढचा घाट आम्ही अंधारात चढलो.

त्या दिवसानंतर मी आडवाटेचे नियोजन करण्याची पद्धत बदलली. शहादा, चोपडा, यावल, साक्री किंवा चाळीसगाव तालुक्यातल्या डांबरी रस्ता संपल्यानंतरच्या ठिकाणी दुचाकीने, जीपने किंवा शेवटचा टप्पा पायी जाणाऱ्या कोणालाही ती वापरता येईल, म्हणून येथे सविस्तर मांडतो आहे. यासाठी लागणारी सर्व साधने विनामूल्य मिळतात. लागतात ते घरी बसून खर्च करायचे दोन-तीन तास, आणि ते तास वाचवण्याचा मोह टाळायला हवा.

प्रथम ठिकाण पक्के करावे

हे काम दिसायला सोपे आहे, पण अनेक चुकांचे मूळ येथेच असते. खान्देशात एकाच नावाची गावे किती आहेत, हे महसुली यादी उघडली की कळते. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव, बोरखेडे ही नावे तालुक्यातालुक्यांत पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्यापुढे बुद्रुक, खुर्द किंवा ‘प्र.चा.’, ‘प्र.भ.’ अशी जुन्या परगण्याची आद्याक्षरे लागतात. नकाशाच्या शोधखिडकीत ही आद्याक्षरे बहुधा गळतात. सातपुड्यात अडचण आणखी वाढते, कारण एका महसुली गावाचे पाच-दहा पाडे तीन-चार टेकड्यांवर विखुरलेले असतात आणि नकाशात गावाचे नाव त्यांपैकी कोणत्या तरी एकावर टाकलेले असते. त्यातच धडगाव आणि अक्राणी ही नावे एकाच तालुक्यासाठी चालतात. एका नकाशात एक नाव असते, तर दुसऱ्यात दुसरे.

म्हणून नावावर विसंबू नये आणि ठिकाण नेहमी अक्षांश-रेखांशात लिहून घ्यावे. येथेही एक खाच आहे. तोरणमाळचे स्थान ढोबळ मानाने २१ अंश ५३ मिनिटे उत्तर आणि ७४ अंश २८ मिनिटे पूर्व असे सांगितले जाते. हेच आकडे कोणी घाईत २१.५३ आणि ७४.२८ असे दशांशात टाकले, तर नकाशावरचा बिंदू सुमारे चाळीस किलोमीटर नैऋत्येला सरकून प्रकाशा-शहादा परिसरातल्या सपाट शेतात जाऊन पडतो. मिनिटांना साठने भागले की बरोबर आकडे मिळतात : २१.८८ आणि ७४.४७. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे का, हे ओळखण्याची खूण खान्देशापुरती फार सोपी आहे. पहिला आकडा साधारण वीस ते बावीस आणि दुसरा त्र्याहत्तर ते सत्त्याहत्तर यांच्या दरम्यान असायला हवा. तसा नसेल तर कुठेतरी चूक आहे.

व्हॉट्सअॅपवर कोणी ‘लोकेशन’ पाठवले, तर ते प्रत्यक्ष त्या जागेवरून पाठवले होते की घरी बसून नकाशावर बोट ठेवून, एवढे विचारावे. दोन्हींच्या भरवशात मोठा फरक असतो.

एकावर एक ठेवायचे नकाशे

कोणताही एक नकाशा पुरेसा नसतो. मी चार प्रकारचे नकाशे एकत्र पाहतो, आणि त्यांचे एकमेकांशी कुठे पटत नाही याच्याकडे माझे सर्वाधिक लक्ष असते. एखादा रस्ता दोन नकाशांत आहे आणि तिसऱ्यात नाही, असे दिसले की त्या जागेवर खूण करून ठेवावी. प्रवासातील अडचणी बहुतेक वेळा तेथेच निघतात.

पहिला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प लोकांनीच भरलेला आहे, त्यामुळे जिथे कोणी हौशी माणूस फिरला आहे तिथे पायवाटाही सापडतात आणि जिथे कोणी गेले नाही तिथे कोरी जागा दिसते. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही मोबाइल अॅप्स हाच नकाशा इंटरनेटशिवाय दाखवतात. दुसरा म्हणजे गुगल अर्थ प्रो. संगणकावर चालणारा हा प्रोग्रॅम २०१५ पासून विनामूल्य आहे आणि त्यातली जुन्या वर्षांची उपग्रह चित्रे पाहण्याची सोय आपल्या कामासाठी अमूल्य आहे.

तिसरा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, ज्याला सगळे ‘टोपोशीट’ म्हणतात. १:५०,००० प्रमाणाच्या या पत्रकांवर समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात, आणि विहिरी, देवळे, पायवाटा, खिंडी इतक्या बारकाईने नोंदलेल्या असतात की आजही त्याला तोड नाही. जुन्या क्रमांकपद्धतीत तोरणमाळ ४६ के/५ या पत्रकात येते. ते पत्रकाच्या पूर्व काठाजवळ असल्याने शेजारचे ४६ के/९ हेही सोबत घ्यावे लागते. सर्वांसाठी खुली केलेली ‘ओपन सिरीज’ पत्रके वेगळ्या क्रमांकांनी मिळतात. येथे एक सावधगिरी हवी. जुनी पत्रके अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या एव्हरेस्ट संदर्भपद्धतीवर आणि आपला जीपीएस आजच्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीवर चालतो, त्यामुळे जुने पत्रक तसेच्या तसे स्क्रीनवर चढवले तर सगळा नकाशा शंभर मीटरच्या आसपास सरकलेला दिसतो. सपाट शेतात हा फरक चालून जातो. पण डोंगरधारेवर शंभर मीटर म्हणजे कधी कधी कड्याची अलीकडची आणि पलीकडची बाजू असते. क्यूजीआयएस या मुक्त प्रोग्रॅममध्ये मूळ पद्धत योग्य निवडली, तर ही दुरुस्ती आपोआप होते.

चौथा म्हणजे महसूल खात्याचा गाव नकाशा, जो महाभूनकाशा या संकेतस्थळावर गट क्रमांकांसह पाहता येतो. शिव रस्ता कोणत्या गटांच्या मधून जातो, हे त्यावरून कळते. दोन गावांच्या शिवेवरून जाणारी वाट वापरात नसली तरी ती सार्वजनिक आहे की कोणाच्या खासगी शेतातली आहे, हा प्रश्न वावरात उभे राहून वाद घालण्यापेक्षा घरीच सोडवलेला बरा.

रेषा स्वतः ओढावी

सॉफ्टवेअरला ‘येथून तेथे’ असे सांगून मिळालेली वाट हा पहिला मसुदा समजावा. सॉफ्टवेअरला त्याच्याकडे नोंदलेले रस्ते माहीत असतात, जमीन माहीत नसते. याचे चांगले उदाहरण पाटणादेवी आणि पितळखोऱ्याची लेणी यांचे आहे. चाळीसगावजवळचे पाटणादेवीचे मंदिर सातमाळा रांगेच्या पायथ्याशी आहे आणि लेणी त्याच रांगेच्या वरच्या अंगाला, सरळ रेषेत थोड्याच किलोमीटरांवर आहेत. मोटारीचा मार्ग मागितला, तर सॉफ्टवेअर चाळीसगावकडे परत फिरवून, कन्नडचा घाट चढवून, पठारावरून मोठा वळसा घालून नेते, आणि मोटारीसाठी ते बरोबरच आहे. पायी जाणाऱ्याला दरीतून वर जाणारी वाट आहे; पण ती कोणी नकाशात नोंदलेली असेल तरच सॉफ्टवेअरला दिसणार. म्हणून मार्ग मागताना मोटार, दुचाकी आणि पायी असे प्रकार बदलून तीनही उत्तरे पाहावीत आणि मग गुगल अर्थमध्ये स्वतःची रेषा टप्प्याटप्प्याने ओढावी.

टप्पा म्हणजे एका खात्रीच्या खुणेपासून दुसऱ्या खात्रीच्या खुणेपर्यंतचा भाग. शाळा, पाण्याची टाकी, पाझर तलावाचा बांध, तिवाठा, वनविभागाचा नाका अशा खुणा घ्याव्यात, कारण त्या चित्रात दिसतात आणि वाटेत विचारताही येतात. प्रत्येक टप्प्याची वेगळी रेषा आणि वेगळा रंग ठेवावा. उपग्रह चित्रात जी वाट सलग, चाकोऱ्यांसह दिसते आहे ती हिरवी. तुटक दिसते आहे ती पिवळी. झाडोऱ्याखाली किंवा नाल्यात हरवते आणि मी केवळ अंदाजाने जोडली आहे ती लाल, असे माझे रंग आहेत. सगळी वाट हिरवी असेल तर निर्धास्त निघावे. लाल तुकडा दोन किलोमीटरांहून मोठा असेल तर दुसरी वाट तयार असल्याशिवाय मी निघत नाही.

उपग्रह चित्र वाचताना खान्देशात हमखास फसवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांमधून जाणारे रस्ते चित्रात उत्तम, रुंद आणि वापरातले दिसतात, आणि ते असतातही, कारण केळीने भरलेले ट्रक त्यांवरून ये-जा करतात. पण ते बागेच्या बांधावर संपतात. शिवाय केळीचे घड काढल्यानंतर आणि नवी लागवड झाल्यावर शेतातली ये-जा बदलते. रस्ता डोंगराच्या दिशेने जातो आहे एवढ्यावरून तो डोंगरात पोहोचतो असे मानू नये. दुसरी गोष्ट सलग समतल चरांची. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या उघड्या टेकड्यांवर पाणी मुरवण्यासाठी खणलेले चर वरून पाहिले की डोंगराला वळसा घालणाऱ्या पायवाटांसारखे दिसतात. ओळखण्याची खूण अशी की चर एकाखाली एक, ठरावीक अंतराने आणि एकाच पातळीत जातात, आणि कोणत्याही पाड्याला किंवा विहिरीला जोडलेले नसतात. माणसांची वाट कुठून तरी निघते आणि कुठे तरी जाते.

रेषा ओढताना वळणे खाऊ नयेत. घाटात दहा ठिकाणी टिचकी मारून ओढलेली रेषा आणि पन्नास ठिकाणी मारून ओढलेली रेषा यांच्या लांबीत चांगलाच फरक पडतो, आणि इंधनाचा व वेळेचा हिशेब लांबीवरच उभा असतो.

चढ

गुगल अर्थमध्ये ओढलेल्या रेषेचा उंचीचा आलेख एका टिचकीत मिळतो. तोरणमाळचे पठार अकराशे मीटरांच्या वर आहे आणि पायथ्याचा शहादा परिसर त्यापेक्षा सुमारे हजार मीटर खाली; या दोन आकड्यांवरून सातपुड्याचा चढ कसा असेल याची कल्पना यावी. परंतु एकूण चढापेक्षा कोणता तुकडा किती तिरपा आहे, हे महत्त्वाचे. टोपोशीटवर तो हाताने काढता येतो. वीस मीटर अंतराच्या पाच समोच्च रेषा जर चारशे मीटर वाटेत ओलांडाव्या लागत असतील, तर शंभर मीटर चढ चारशे मीटरांत आला, म्हणजे पंचवीस टक्के. माझ्या अनुभवात सुट्या मुरमावर दहा टक्क्यांपर्यंत भरलेली जीप आणि दोघांची दुचाकी निवांत चढते, पंधरा टक्क्यांना मागच्याला उतरावे लागते, आणि वीसच्या वर वाट आखताना मी ती पायी टप्प्यात धरतो.

आलेखात करवतीच्या दात्यांसारखे उंच-सखल दिसले तर घाबरू नये. नागमोडी घाटात आपली रेषा खऱ्या रस्त्यापासून वीस मीटर बाजूला पडली, तरी ती कड्यावर जाते आणि आलेख खोटे चढ दाखवतो. रेषा नीट बसवली की दाते नाहीसे होतात.

पाणी

आता ज्या गोष्टीने मला अडवले तिच्याकडे वळतो, कारण खान्देशात वाट अडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे.

नर्मदेच्या काठाला जायचे असेल तर १३८.६८ हा आकडा पाठ हवा. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर आहे. धरणाचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय प्रथमच या पातळीपर्यंत भरला. महाराष्ट्रातली ३३ गावे या जलाशयाने बाधित झाली आहेत. याचा नियोजनासाठी सरळ उपयोग असा की टोपोशीटवर किंवा अॅपमधल्या समोच्च रेषांच्या थरावर १४० मीटरची रेषा शोधावी आणि ती निळ्या रंगाने गिरवून घ्यावी. आपली वाट त्या रेषेच्या खाली जात असेल, तर पावसाळा सरल्यानंतरचे काही महिने ती वाट नाहीच असे धरून चालावे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तीच वाट गाळातून वर येते. परंतु गाळावर चाक घालण्याआधी ती पायी चालून पाहावी.

येथे एक तांत्रिक बाब समजून घ्यावी लागते. बहुतेक अॅप्समधल्या समोच्च रेषा २००० सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या आहेत. तेव्हा धरणाची उंची आजच्यापेक्षा बरीच कमी होती, म्हणून आज जिथे पाणी आहे तिथेही या रेषा कोरड्या दरीचा उतार दाखवतात आणि सॉफ्टवेअर त्या उतारावरून खुशाल रस्ता नेते. शिवाय अरुंद, खोल दरीत या मोजणीत दहा-पंधरा मीटरची चूक सहज असू शकते. त्यामुळे मी १४० ची रेषा पाण्याची कड मानतो आणि मुक्कामाची किंवा गाडी लावण्याची जागा १६० च्या वरच निवडतो. हाच विचार तापीवरच्या उकाई जलाशयाला लागू आहे. धरण गुजरातेत असले तरी त्याचा जलफुगवटा नंदुरबार जिल्ह्यापर्यंत येतो आणि त्याची पूर्ण पातळी सुमारे १०५ मीटर आहे. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाल्यानंतर जुन्या टोपोशीटवर दाखवलेले कित्येक उतार आणि नावेचे घाट आता कामाचे राहिलेले नाहीत.

आज पाणी कुठपर्यंत आहे, हे पाहण्यासाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे वापरावीत. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते. त्यात एक ठिपका दहा मीटरांचा असतो, म्हणून पायवाट दिसत नाही. पण जलाशयाची कड, वाहती नदी आणि कोरडे वाळूपात्र स्पष्ट ओळखू येते. अवरक्त पट्ट्याचा पर्याय निवडला की पाणी काळेभोर आणि झाडोरा लाल दिसतो, आणि शंका उरत नाही. तारीख निवडताना ढग कमी असलेला दिवस निवडावा, आणि गेल्या वर्षीचे त्याच आठवड्याचे चित्रही उघडावे. मी सप्टेंबरातल्या त्या प्रवासाआधी हे केले असते, तर दहा मिनिटांत उत्तर मिळाले असते.

छोट्या नद्यांचे गणित वेगळे आहे. अनेर, गोमाई, पांझरा, बोरी यांच्यावर आणि त्यांना मिळणाऱ्या असंख्य नाल्यांवर ग्रामीण रस्ते फरशीवरून, म्हणजे पात्रातच बांधलेल्या कमी उंचीच्या सपाट पुलावरून, जातात. नकाशात फरशी आणि पूल यांत बहुधा फरक दाखवलेला नसतो. उपग्रह चित्रात मात्र तो ओळखता येतो : पुलाची सावली पात्रात पडते, फरशीची पडत नाही, आणि फरशीच्या खालच्या बाजूला पाण्याने खणलेला डोह किंवा पांढरी वाळू दिसते. प्रत्येक फरशी नकाशावर चिन्हांकित करावी, आणि वाटेत सातपुड्याकडून येणाऱ्या किती फरशा आहेत ते मोजावे. डोंगरात दोन तास पाऊस झाला आणि आपण खाली कोरड्या गावात असलो, तरी संध्याकाळी परतताना फरशीवरून पाणी जात असू शकते. फरशीवरून वाहते पाणी असताना, ते गुडघ्याइतके असले तरी, गाडी घालू नये. थांबावे, असे नाले बहुतेक वेळा काही तासांत ओसरतात.

जमीन आणि ऋतू

काळ्या जमिनीतली गाडीवाट जानेवारीत सिमेंटसारखी टणक असते आणि जूनच्या दुसऱ्या पावसानंतर तिच्यावरून दुचाकी ढकलतही नेता येत नाही, कारण चिखल मडगार्डमध्ये बसून चाकच फिरू देत नाही. नकाशात मात्र ती दोन्ही ऋतूंत सारखीच दिसते. म्हणून तापीकाठच्या खोऱ्यातला प्रत्येक कच्चा टप्पा काळ्या मातीचा आहे की मुरमाचा, हे चित्रातल्या रंगावरून ठरवून नोंदवावे. नुकत्याच नांगरलेल्या वावराचा गडद रंग आणि बरड माळाचा तांबूस-पिवळा रंग सहज वेगळे ओळखू येतात. पावसानंतर अंतर दुप्पट झाले तरी बरडावरूनच जावे.

एप्रिल-मे महिन्यांत जमीन गाडीला साथ देते, पण ऊन माणसाला साथ देत नाही. पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा पायी टप्पा सकाळी नऊच्या आत संपेल अशीच आखणी करावी, आणि हातपंप व विहिरी यांच्या खुणा नकाशावर टाकताना त्या उन्हाळ्यात चालू असतात का, हे कोणाला तरी विचारून घ्यावे. पावसाळ्यात तळोदा ते धडगाव रस्त्यावरच्या चांदसैली घाटात दरडी कोसळतात, म्हणून त्या दिवसांत शहाद्याकडून वर जाणारी वाट पर्याय म्हणून मोबाइलमध्ये असू द्यावी.

यावल आणि अनेर ही अभयारण्ये आणि चाळीसगावकडील गौताळा औट्रम घाट अभयारण्य यांच्या हद्दी नकाशावर ठळक करून घ्याव्यात आणि त्यांतून जाणारा कोणताही टप्पा वनविभागाची परवानगी हाती असल्याशिवाय आखू नये. जंगलातली बंद केलेली जुनी वाट नकाशात दिसते म्हणून तिच्यात शिरणे हे जंगलाच्या आणि आपल्याही हिताचे नाही.

वेळेचा हिशेब

अॅपने सांगितलेली वेळ कच्च्या टप्प्यासाठी वापरू नये. मी डांबरी ग्रामीण रस्त्याला ताशी तीस, मुरमाच्या बऱ्या वाटेला पंधरा आणि दगडगोट्यांच्या घाटवाटेला आठ किलोमीटर धरतो. पायी टप्प्यासाठी सपाटीवर ताशी चार किलोमीटर आणि प्रत्येक शंभर मीटर चढाला आणखी पंधरा मिनिटे, असा हिशेब ओझे घेऊन चालणाऱ्या साध्या माणसाला पुरतो. सगळे टप्पे मिळवून आलेल्या वेळेत चौथा हिस्सा वाढवावा.

मग मागून मोजत यावे. डिसेंबरात खान्देशात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. उजेड असताना डांबरी रस्त्याला परत लागायचे असेल आणि परतीला साडेतीन तास लागणार असतील, तर दोन वाजता, आपण कुठेही असलो तरी, फिरायचे. ही वेळ आणि ती वेळ झाल्यावर जिथून फिरायचे ते ठिकाण, दोन्ही नकाशावर लिहून ठेवावे. ठिकाणापासून अर्ध्या तासावर असताना दोन वाजले, तर मन वळत नाही; आधी लिहिलेले असले की सोबतचे लोक ऐकतात.

मोबाइलमध्ये भरणे

तयार रेषा गुगल अर्थमधून केएमएल या फाइलच्या स्वरूपात साठवता येते. ऑरगॅनिक मॅप्स ती थेट उघडते. इतर काही अॅप्ससाठी ती जीपीएक्स या दुसऱ्या स्वरूपात बदलून घ्यावी लागते. टप्पे, फरशा, पाण्याच्या जागा, शेवटचा पेट्रोल पंप, फिरण्याचे ठिकाण आणि शक्य झाल्यास मोबाइलची रेंज मिळणारा माथा अशा सगळ्या खुणा त्याच फाइलमध्ये असाव्यात.

नकाशे उतरवून घेताना केवळ महाराष्ट्राचा भाग घेऊ नये. चोपडा, शिरपूर, रावेर येथून थोडे उत्तरेला गेले की मध्य प्रदेश लागतो, आणि नवापूर, तळोदा, अक्कलकुवा येथून पश्चिमेला गुजरात. सीमेवर पोहोचल्यावर अर्धा नकाशा कोरा दिसला, की नेमक्या वेळी दिशा हरवते. तिन्ही राज्यांचे नकाशे उतरवावेत, मग विमान मोड लावून ते उघडतात का हे घरीच तपासावे. जीपीएस विमान मोडमध्येही चालतो आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकते. फक्त पहिल्यांदा स्थान पकडायला नेटवर्कशिवाय बराच वेळ लागू शकतो, म्हणून शहादा किंवा चोपडा सोडण्याआधीच अॅप उघडून निळा ठिपका स्थिर होऊ द्यावा.

फाइल सोबतच्या दुसऱ्या फोनमध्येही असावी, आणि एक कागदी प्रत घरी अशा माणसाकडे असावी, ज्याला रात्री नऊपर्यंत आपला फोन आला नाही तर कोणत्या वाटेने शोधायचे हे कळेल.

निघण्याआधी आणि वाटेत विचारणे

एवढे करूनही शेवटचे उत्तर गावातच मिळते. पण प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘गाडी जाई का भो?’ असे विचारले की ‘जाई ना!’ हेच उत्तर येते. परक्याला नाही म्हणणे आपल्या माणसांना जमत नाही, आणि सांगणाऱ्याच्या मनात बहुधा बैलगाडी किंवा ट्रॅक्टर असतो. त्याऐवजी ‘या आठवड्यात कोणती गाडी वर गेली होती?’ असे विचारावे. क्रूझर, म्हणजे प्रवासी वाहतुकीची मोठी जीप, रोज जाते, असे कळले तर आपली जीप जाईल. केवळ ट्रॅक्टर जात असेल तर दुचाकीचा विचार पुन्हा करावा. ‘फरशीवरून शेवटचे पाणी कधी गेले?’, ‘पलीकडच्या पाड्यात आजारी माणसाला खाली कसे आणतात?’ हे प्रश्न विचारले की रस्त्याची खरी स्थिती दोन वाक्यांत कळते. धडगावच्या स्टँडवरचे क्रूझरचालक आणि पाड्यावर जाणाऱ्या आशाताई यांना जितके माहीत असते तितके नकाशाच्या कोणत्याही थरात नसते. आपली रेषा त्यांना मोबाइलवर दाखवण्यापेक्षा पुढच्या पाड्यांची नावे क्रमाने वाचून दाखवावीत, म्हणजे ते लगेच कुठे चुकले ते सांगतात.

प्रवासात ट्रॅक, म्हणजे आपण प्रत्यक्ष गेलेली वाट, अॅपमध्ये नोंदवणे चालू ठेवावे. परत आल्यावर तो आखलेल्या रेषेवर ठेवला, की लाल तुकड्यांपैकी कोणते खरे निघाले आणि वेळेचा अंदाज कुठे चुकला, हे दिसते. पुढच्या आखणीसाठी याहून चांगला धडा नाही. नोंदवलेली वाट, फरशी आणि पाड्याचे तिथले लोक उच्चारतात ते नाव ओपनस्ट्रीटमॅपवर भरावे. तेथे भर घालताना स्वतःचा ट्रॅक किंवा त्यांनी परवानगी दिलेली उपग्रह चित्रेच वापरायची असतात; गुगलच्या नकाशावरून नावे उतरवणे परवान्यात बसत नाही. पाण्यात गेलेल्या त्या रस्त्याचा शेवटचा सव्वातीन किलोमीटरचा तुकडा मी त्याच महिन्यात दुरुस्त केला. वाट जिथे १४० मीटरच्या खाली उतरते त्या ठिकाणी तो तोडला आणि तेथे ‘पावसाळ्यानंतर पाण्याखाली’ अशी टीप लिहिली.